विहिरीचे पाणी आणि घरातील वडीलधारे

लक्षद्वीपच्या बेटांवर एकही नदी नाही. वस्तीची बेटे १०, सर्व बेटांची मिळून भूमी सुमारे ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांहून थोडी अधिक. तेथील गोड्या पाण्याचा मूळ साठा पावसाचा. हे पाणी प्रवाळाच्या वाळूतून खाली झिरपते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर भिंगाच्या आकाराच्या पातळ थरासारखे तरंगत राहते. उथळ विहिरींतून तेच वर येते.

घरोघरचे सांडपाणीही याच वाळूत मुरते. सेप्टिक टाकीत गेलेली घाण नाहीशी होते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः टाकीत गाळ तळाशी बसतो व त्याचे अंशतः विघटन होते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू उरतातच. त्यांना अडवण्याचे काम पुढे मातीने करावयाचे असते. बेटावरील वाळू अतिशय सच्छिद्र आणि भूजल अगदी जवळ. त्यामुळे हे गाळण अपुरे पडते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. चिंचोळ्या बेटावर दाट वस्तीत तेवढे अंतर राखणे कठीण असते.

कवरत्ती येथे २००५ मध्ये समुद्राच्या पाण्यापासून दररोज १ लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प सुरू झाला. त्याने पिण्याच्या पाण्याची सोय झाली. परंतु सांडपाण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. सांडपाणी शुद्ध करूनच जमिनीत सोडणे, हाच त्यावरील उपाय होय.

हा प्रश्न केवळ बेटांचा नाही. कोकणात जांभ्याच्या पोकळ, भेगाळ थरांतून पाणी वेगाने वाहते आणि एकाच परसात विहीर व शौचालयाची टाकी असलेली घरे पुष्कळ आहेत. दूषित पाण्यातून अतिसार, विषमज्वर व कावीळ पसरते. वृद्धांना त्याचा धोका अधिक. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते. लघवी वाढवणारी औषधे चालू असल्यास शरीरातील पाणी लवकर घटते. तरुणाला एका दिवसात सोसणारे जुलाब वृद्धाला चक्कर, भ्रम आणि पडण्यापर्यंत नेऊ शकतात.

म्हणून काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. विहिरीचे पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळावे व झाकून ठेवावे. उकळल्याने जंतू मरतात, पण सांडपाण्यातून आलेले नायट्रेट जात नाही. घरात तान्हे मूल असल्यास पाण्याची रासायनिक तपासणीही करून घ्यावी. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे डायपर, ओले पुसणे व उरलेली औषधे शौचालयात टाकू नयेत. टाकीतील गाळ साधारणतः ३ वर्षांतून एकदा यंत्राच्या साहाय्याने उपसून घ्यावा. टाकीत विषारी वायू साचतो. कोणासही आत उतरवू नये. २०१३ च्या कायद्यानेही तसे करवून घेण्यास मनाई आहे.

जुलाब सुरू होताच १ लिटरसाठीचे जलसंजीवनीचे पाकीट उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे, घोट घोट पाजावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. लघवी कमी झाली, जीभ कोरडी पडली, बोलण्यात असंबद्धता आली किंवा गुंगी वाढली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.