बिघाडाचे वाचन

मराठी शिकवणाऱ्या माणसांनी वेब सर्व्हरच्या बिघाडाविषयी लिहावे, हे काही वाचकांना अस्थानी वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागावर जो प्रसंग आला, त्यानंतर आम्हांला असे वाटू लागले आहे की, या कामाचे पाठचिकित्सेशी दिसते त्यापेक्षा जवळचे नाते आहे. आणि ते नाते न ओळखल्याची किंमत आपल्या संचितालाच मोजावी लागते.

प्रसंग असा. विभागातील विद्यार्थ्यांच्या जुन्या हस्तलिखित अंकांची सूची आम्ही काही वर्षांपूर्वी संगणकावर तयार केली. लेखक, शीर्षक, वाङ्मयप्रकार, वर्ष आणि दोन ओळींचे टिपण अशा सुमारे अकराशे नोंदी विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्यांनी टंकित केल्या. मूळ अंकांपैकी काही पुढे वाळवीने गेले. त्यांचे अस्तित्व आता या नोंदींपुरतेच उरले आहे. एका माजी विद्यार्थ्याने लिहून दिलेल्या जावा प्रणालीवर ही सूची विभागातील जुन्या यंत्रावरून चालत असे. यथाकाल नवे यंत्र आले. तंत्रज्ञाने सगळे नव्यावर हलवले, आणि सूचीच्या जागी पडद्यावर '४०४' हा आकडा उमटला. तीन दिवस खटपट झाली. चौथ्या दिवशी निकाल मिळाला : "सर, सगळं पुसून पहिल्यापासून टाकू." जुने यंत्र शनिवारी भंगारात जायचे ठरले होते.

'पुसून पहिल्यापासून' हा उपाय आता आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे की, तो उपाय नसून वाचण्यास दिलेला नकार आहे, हे ध्यानातच येत नाही. कारण सर्व्हर मुका नसतो. प्रतिसादच न येणे, '४०३' येणे, '४०४' येणे आणि '५००' येणे ही चार निरनिराळी विधाने आहेत. पहिल्यात दार उघडणारेच कोणी नाही. '४०३' म्हणजे दार आहे, प्रवेशाची परवानगी नाही. '४०४' म्हणजे सर्व्हर जागा आहे, पण मागितलेली वस्तू त्याला सापडत नाही. '५००' म्हणजे वस्तू सापडली, पण ती चालवताना आत काहीतरी कोसळले. आमचा सर्व्हर जिवंत होता. त्याला सूची ठाऊक नव्हती, एवढेच. मग ती ठाऊक का नव्हती, हे विचारायला हवे होते.

हा सर्व्हर म्हणजे 'टॉमकॅट', अर्थात बोका. जेम्स डंकन डेव्हिडसन या त्याच्या कर्त्याने स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून हे नाव दिले, असे सांगतात. आमच्या बोक्याने काळजी घेतली नव्हती, पण रोजनिशी मात्र इमानाने लिहिली होती. तिच्यातील मुख्य वहीत एवढेच होते की, प्रणालीचा एक घटक सुरू झाला नाही, तपशील दुसऱ्या वहीत पाहावा. तळटीप पाहण्याची सवय आमच्या व्यवसायाचीच. दुसरी वही उघडली. जावाच्या अशा नोंदी पानभर लांब असतात. वरच्या ओळी परिणाम सांगतात आणि मूळ कारण बहुधा शेवटच्या 'कॉज्ड बाय'पाशी, म्हणजे तळाशी असते. तिथे एका शब्दाची तक्रार होती. 'जावाएक्स'ने सुरू होणारे एक नाव सर्व्हरला सापडत नव्हते.

या शब्दाला इतिहास आहे. जावाच्या सर्व्हरविषयक प्रमाणकांचा कारभार २०१७ मध्ये ओरॅकल कंपनीने एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचे ठरवले. 'जावा' हे नाव मात्र स्वतःकडेच ठेवले. २०१८ मध्ये नव्या घराचे नाव 'जकार्ता' ठरले आणि २०२० च्या आवृत्तीत आतील 'जावाएक्स' या उपपदाच्या जागी 'जकार्ता' आले. टॉमकॅटने दहाव्या आवृत्तीपासून हे नवे नाव स्वीकारले. आमची प्रणाली नवव्या आवृत्तीच्या काळातली, म्हणून जुन्या नावाने हाक मारणारी. नव्या यंत्रावर टॉमकॅट दहावा. यात कोणाचीच चूक नव्हती. माणूस तोच, नाव बदलले आणि हाक पोचेना. उपाय सर्व्हरच्या माहितीपत्रकातच होता : जुन्या धाटणीच्या प्रणालीची फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली की, नावांचे रूपांतर टॉमकॅट स्वतःच करतो. पाच मिनिटांत सूची उघडली.

आणि आमच्या पोटात गोळा आला. अकराशे नोंदींची वर्षे जागच्या जागी होती. शीर्षके आणि नावे यांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या.

इथे थोडे थांबले पाहिजे. संगणकावर देवनागरी बिघडते ती दोन प्रकारांनी. कधी अक्षरांऐवजी डोक्यावर चिन्हे असलेल्या रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो भयंकर दिसला, तरी बहुधा मूळ बाइट शाबूत असतात, केवळ चुकीच्या कोष्टकाने वाचले जातात. हा भ्रष्ट पाठ, तो सुधारता येतो. प्रश्नचिन्ह दिसायला सभ्य असते, पण जिथे ते खरोखर साठवले गेले, तिथे मूळ अक्षर नाहीसे झालेले असते. हा लुप्त पाठ, तो कोणत्याही युक्तीने परत येत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यांतला पहिला 'ई०' असतो. प्रश्नचिन्ह एकाच बाइटचे, '३एफ'. डेटाबेसला आतील बाइट दाखवायला सांगितले, तर रांगेने '३एफ' आले. नव्या यंत्रावरचा पाठ लुप्त होता.

मग प्रतीची वंशावळ मागे शोधत गेलो. जुन्या यंत्रावरून प्रत काढताना वापरलेल्या आज्ञेत 'लॅटिन-१' हा शब्द राहून गेला होता. त्या अक्षरसंचात देवनागरी नाहीच. म्हणून नक्कल करणाऱ्याने, न कळलेल्या प्रत्येक अक्षरासाठी, निमूटपणे एक प्रश्नचिन्ह लिहिले. मूळ संहिता भंगारात निघालेल्या यंत्रात तेवढी सुरक्षित होती. ती शुक्रवारी दुपारी योग्य आज्ञेने पुन्हा उतरवली. सोमवारी सुचले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते, आणि ती सूचीही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. त्याहीपूर्वी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. या परंपरेने शिकवलेली शिस्त साधीच आहे : प्रती जमवा, त्यांची वंशावळ लावा, चूक कोणत्या पायरीवर शिरली ते ठरवा, आणि तोवर एकही प्रत नष्ट करू नका. सर्व्हरचा बिघाड शोधणाऱ्यालाही याहून वेगळे काय सांगायचे? एका वेळी एकच बदल करा, केलेला बदल लिहून ठेवा, आणि पुसण्यापूर्वी प्रत घ्या.

एका सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, हे आपले काम नव्हे. ज्याचे त्याने करावे. त्यात तथ्य आहे. अंकांची चित्रे ठेवलेल्या फोल्डरची मालकी दुसऱ्याच खात्याकडे गेल्याने नवी चित्रे चढत नव्हती. ती गाठ त्याच तंत्रज्ञाने एका आज्ञेत सोडवली, आम्ही ती जन्मात सोडवली नसती. त्याच्या कौशल्याचा आम्हांला आदर आहे, आणि दिवसाला पाच ठिकाणी धावणाऱ्या माणसाला रोजनिशी वाचायला वेळ कोण देतो, हेही आम्ही जाणतो. परंतु त्याच्या दृष्टीने तो 'डेटा' होता. त्यातील कोणती नोंद पुन्हा मिळणार नाही, हे केवळ आम्हांला ठाऊक होते आणि आम्ही ते त्याला सांगितले नव्हते. संहितेची राखण परक्यावर सोपवून आम्ही तीन दिवस चहा पीत बसलो, हा दोष आमचाच.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पाठचिकित्सा शिकवताना एक तास असा बिघाड वाचण्याला द्यावा. विद्यार्थ्यांना भ्रष्ट आणि लुप्त यांतला फरक त्यांच्याच पडद्यावर दिसेल. आणि ज्या संस्थांकडे अशा सूची आहेत, त्यांनी झालेला प्रत्येक बिघाड तारीख, लक्षण, कारण आणि उपाय या क्रमाने मराठीत लिहून ठेवावा. यश लिहून ठेवण्याची आपल्याला हौस आहे. चुका मात्र माणसांबरोबर निघून जातात आणि पुढचा माणूस पुन्हा 'पुसून पहिल्यापासून' सुरू करतो.

आमच्या विभागात आता दोनशे पानी एक वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर 'लॅटिन-१' ची हकीकत आहे. जुने यंत्र भंगारात दिलेले नाही.