पाहणीला पुरुषांनीही यावे

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगर परिषद, काटोल, जि. नागपूर

विषय : महिलांच्या सोयींची पाहणी पुरुष अधिकाऱ्यांनी महिलांसोबत करण्याबाबत.

महोदय,

या निवेदनावर सह्या करणारे सगळे पुरुष आहेत. स्वच्छतागृहाचा नकाशा, दिव्याचा खांब, बैठकीची वेळ हे बहुतेक वेळा पुरुषच ठरवतात. म्हणून मागणीही पुरुषांनीच करावी, असे निवेदनकर्त्यांना वाटते.

वावरातली कापूसवेचणी आटोपून बाजारात आलेली बाई सकाळपासून पाणी मोजून पिते. स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसली की एका हाताने दार धरायचे. खुंटी नसली की पिशवी दातांत धरायची. पॅड टाकायला डबा नसला तर ते कागदात गुंडाळून भाजीच्याच पिशवीतून घरी न्यायचे. उद्‌घाटनाची फीत कापताना यातले काहीच दिसत नाही.

घरी गेल्यावरही सुटका नसते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात गेली, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २६!

पुरुष बदलतच नाहीत, असेही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. मुंबईची 'मावा' ही पुरुषांची संघटना १९९३ पासून तरुणांशी स्त्री-पुरुष समानतेवर बोलते आहे.

सबब विनंती, की आपण, अभियंता व आरोग्य निरीक्षक यांनी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या आणि सफाई कामगार महिलांसोबत सार्वजनिक स्वच्छतागृहे पाहावीत. कडी, खुंटी, पाणी, दिवा, डबा यांची नोंद जागेवरच, या महिलांना विचारून व्हावी. दुरुस्ती नेहमीच्या देखभाल खर्चातून करावी. महिला व बालकल्याणाची ५ टक्के तरतूद कडी-कोयंड्यासाठी नाही. त्या तरतुदीचा हिशेब फलकावर लावावा.

२०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचे प्रशिक्षण पुरुष कर्मचाऱ्यांना द्यावे. प्रभागाच्या बैठका स्वयंपाकाच्या वेळी घेऊ नयेत. आणि नगरसेविकेचे मत नगरसेविकेलाच विचारावे. आरक्षणाने खुर्ची तिला मिळते, पण बोलायला पुष्कळदा शेजारचे 'भाऊ'च उठतात.

पाहणीचा दिवस आठ दिवस आधी कळवावा. निवेदनकर्ते वही-पेन घेऊन हजर राहतील.

आपले,
निवेदनकर्ते नागरिक, काटोल

प्रत : आगार व्यवस्थापक, एसटी, काटोल (बसस्थानक व हिरकणी कक्षाच्या अशाच पाहणीसाठी)