एक औषध, दोन मापं

इन्सुलिनच्या बाटलीवर आकड्यांची गर्दी असते. ३०/७०, ४०, १० मिली. पहिला आकडा लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं प्रमाण सांगतो, शेवटचा बाटलीत औषध किती ते. जिवावर बेतू शकतो तो मधला. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, असा त्याचा अर्थ. इन्सुलिन पेनात बसवायच्या काडतुसावर त्याच जागी १०० लिहिलेलं असतं. औषध तेच, कंपनीही कदाचित तीच, फक्त अडीचपट तीव्र.

ही दोन मापं भारतात वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी नांदत आहेत. त्यांच्या सिरिंजही निरनिराळ्या. ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी. लाल आणि केशरी! हे रंग ठरवणाऱ्यांनी रात्री तीन वाजता, वॉर्डातल्या फडफडणाऱ्या ट्यूबलाइटखाली कधी सिरिंज भरली नसावी.

चुकीचा हिशेब सोपा आहे. काडतुसातलं १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर ते पाव मिलिलिटर भरतं. म्हणजे १० ऐवजी २५ युनिट. घाम, थरथर, बरळणं, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धी. उलट चूक त्यामानाने मुकी. ४० चं औषध केशरी टोपणाच्या सिरिंजने घेतलं की १० च्या जागी ४ युनिटच जातात. शुगर चढलेलीच राहते, डॉक्टर डोस वाढवत नेतात आणि सिरिंज कोणती, हे विचारायचं राहून जातं. अशा चुकांमागे बहुधा नुसती अडचण असते. पेन बिघडतं, त्याच्या सुया संपतात, गावात मेडिकल एकच. मग घरातलं कोणीतरी हाताशी असलेली सिरिंज काडतुसात खुपसतं.

चूक रुग्णालयात झाली, तर बोट मात्र सिस्टरकडे जातं. कारण शेवटचा हात तिचा. इन्सुलिन हे संप्रेरक. नर्सिंगच्या फार्माकॉलॉजीत संप्रेरकांचा धडा असतो, परीक्षेत त्यावर प्रश्नही येतात. दोन इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये भरताना ‘आधी पारदर्शक ओढायचं, मग गढूळ’ हा नियम पाठ नसलेली नर्स विरळा. पण संप्रेरकांची औषधं नुसत्या पाठांतराने सांभाळली जात नाहीत. अँटिबायोटिक तासभर उशिरा गेलं तर एरवी निभावतं. साधं, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं, आणि जेवणाची गाडी कधी येणार, हे नर्सच्या हातात नसतं. इंजेक्शन वेळेवर आणि ताट दीड तासाने, अशी गाठ पडली की रुग्णाची साखर उतरते. प्रश्न स्वयंपाकघराला कोणी विचारत नाही.

औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या जगभरच्या संस्था इन्सुलिनला अतिधोक्याच्या औषधांत धरतात. डोस दुसऱ्या नर्सने स्वतंत्रपणे तपासावा, ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, नुसता इंग्रजी ‘यू’ नको, कारण घाईच्या अक्षरात तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. अशा सूचना जुन्याच आहेत. आपल्याकडे केस पेपरवर सर्रास ‘२०-०-१०’ एवढंच असतं. सकाळी वीस, दुपारी काही नाही, रात्री दहा. कोणत्या मापाच्या इन्सुलिनचे, कोणत्या सिरिंजने, याचा पत्ता नाही. आणि तपासायला दुसरी नर्स हवी, हे बरोबरच. पण रात्री अख्ख्या वॉर्डला एकच असेल तर तिने कोणाला हाक मारायची?

मुळात हा सापळाच काढून टाकता येतो. अमेरिकेने सत्तरच्या दशकात आणि ब्रिटनने १९८३ मध्ये १०० चं माप नेहमीच्या वापरासाठी पक्कं केलं. भारतानेही आता तेच करावं. यावर एक आक्षेप खरा आहे: बदलाचा काळच धोक्याचा. ज्याच्या घरात लाल टोपणाच्या सिरिंजचा साठा आहे, त्याच्या हाती अचानक १०० ची बाटली आली, तर तो अडीचपट डोस टोचून घेईल. म्हणून नवी बाटली आणि नवी सिरिंज एकत्रच विकावी लागेल, जुन्या सिरिंज परत घ्याव्या लागतील, आणि बाटलीतलं इन्सुलिन पेनाच्या भावाला जाऊ नये म्हणून किमतीवर सरकारला लक्ष ठेवावं लागेल. खटाटोप मोठा आहे. पण बाटलीवरून पेनावर आणि परवडेना म्हणून पुन्हा बाटलीवर, अशी ये-जा करणारे रुग्ण आहेत तोवर हा गोंधळ आपोआप मिटणार नाही.

तोपर्यंत रुग्णालयांना एक गोष्ट आजही जमण्यासारखी आहे. डिस्चार्जच्या कागदावर इन्सुलिनच्या नावापुढे ४० की १०० ते ठळक लिहायचं, टोपणाचा रंगही लिहायचा, आणि घरी जो टोचणार त्याच्याकडून सिस्टरसमोर एकदा डोस भरून घ्यायचा. त्यासाठी तिला दहा मिनिटं लागतील. ती तिच्या ड्यूटीत धरलेली हवीत.