शनीची ओढ किती?

मुलीचे लग्न ठरविताना 'शनी आडवा आहे' असे कोणी म्हटले, की आजही दीक्षा घेतलेल्या घरांतील माणसे कचरतात. अशा वेळी मुलांच्याच शाळेतील पुस्तक उघडावे.

फळ ज्या ओढीने जमिनीवर पडते, तिनेच चंद्र पृथ्वीभोवती फिरता राहतो, हे न्यूटनने १६८७ साली दाखवून दिले. हेच गुरुत्वाकर्षण. वस्तुमान वाढले की ते वाढते. अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येते. ते जात पाहत नाही, मुहूर्तही पाहत नाही. शनी जवळ येतो तेव्हाही सुमारे १२० कोटी किलोमीटर दूर असतो. आपल्या देहावरील त्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या ३० कोटींव्या हिश्शाहूनही कमी भरते. तिने कोणाचा संसार मोडेल काय?

आपला सूर्य हाही एक ताराच. त्याचा प्रकाश आपणांस सुमारे ८ मिनिटांत पोहोचतो; त्याच्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा ४ वर्षांहून अधिक काळाने. आपल्या आकाशगंगेत असे १०० अब्जांहून अधिक तारे आहेत, आणि अशा दीर्घिका अब्जावधी आहेत. त्यांतील एकानेही आपल्या मुलीचे भवितव्य लिहून ठेवलेले नाही.

येत्या अवसेला मुलांना अंगणात न्या. ज्या रात्रीला आपले वाडवडील भ्याले, त्याच रात्री तारे अधिक दिसतात. ते मुलांना मोजू द्या. आणि पत्रिकेवर जाणारा पैसा मुलीच्या पुस्तकांना लावा.