बॅकअप कुठे आहे, हे आधी विचारा

अंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात यायला लागली, की आपल्या वेबसाइट बनवण्याच्या व्यवसायातही हंगाम सुरू होतो. कुणाला संत्र्याच्या पेट्या घरपोच विकायच्या असतात, कुणाला सावजी मसाला, कुणाला गांधीबागेतलं कापड. गिऱ्हाईक विचारतं, ‘होस्टिंग कितीला पडेल?’ आणि आपण पॅकेजचा तक्ता पुढे करतो: इतकी जागा, इतके ईमेल, ९९.९ टक्के अपटाइम. ज्या प्रश्नावर निवड व्हायला हवी, तो या तक्त्यात नसतोच. सर्व्हर गेला, तर दुकान कशातून पुन्हा उभं करायचं?

९९.९ टक्के ऐकायला भक्कम वाटतं, पण त्यात वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा आहे. हे तास बारा महिन्यांत विखुरले तर कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. मात्र ज्याचा माल मोजके आठवडेच विकला जातो, त्याच्यावर ते दिवाळीच्या तोंडावर सलग आले तर? होस्टिंग कंपनी फार तर भाड्याचा काही भाग वळता करते. बुडालेल्या ऑर्डरी तिच्या हिशेबात येत नाहीत. शिवाय ही हमी सर्व्हर चालू राहण्याची आहे, डेटा जपण्याची नाही.

हा फरक १० मार्च २०२१ रोजी साऱ्या जगाला दिसला. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला मध्यरात्रीनंतर आग लागली. पाच मजली एसबीजी-२ इमारत खाक झाली, शेजारच्या एसबीजी-१ चाही काही भाग जळाला आणि लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांच्या डेटाची प्रत दुसऱ्या गावी होती, त्यांना पुन्हा उभं राहता आलं. ज्यांची एकमेव प्रत त्याच आवारात जळाली, त्यांचा डेटा कायमचा गेला. बॅकअपचे पैसे भरलेले ग्राहकही त्यात होते. अशा एका ग्राहकाला भरपाई देण्याचा आदेश फ्रान्समधल्या व्यापारी न्यायालयाने २०२३ मध्ये दिला, पण जळालेला डेटा कोणतंही न्यायालय परत देऊ शकत नाही. म्हणूनच ‘बॅकअप कंपनी घेतेच की’ हे उत्तर आम्हाला पुरेसं वाटत नाही. कुठे घेते, किती दिवसांचा ठेवते, खातं बंद पडलं तर तो हाती लागतो का, हे लेखी विचारायला हवं.

बॅकअपआधी सर्व्हरच्या वेगाचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे नागपूरहून मुंबईच्या सर्व्हरशी होणारी ये-जा काही मिलिसेकंदांत उरकते, अमेरिकेच्या सर्व्हरला दोनशेच्या पुढे लागतात. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. तेव्हा सर्व्हर मुंबईचा जरूर घ्या, फक्त प्रत मुंबईबाहेर आणि दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. छोट्या दुकानाला हे परवडत नाही, ही तक्रार मात्र आम्हाला पटत नाही. अशा दुकानाचा डेटाबेस बहुधा काही शे एमबीचा असतो. तो दुसरीकडे ठेवायला पैसा फारसा लागत नाही, लागते ती शिस्त. दर तीन महिन्यांनी बॅकअपची ताजी झिप फाइल उतरवावी, दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि आदल्या रात्रीचा शेवटचा ऑर्डर क्रमांक त्यात सापडतो का, ते पाहावं. फाइल अर्धवट निघाली, तर ते त्या दिवशी कळलेलं बरं.

आणि प्रत हाताशी असूनही डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर दुकान नव्या सर्व्हरवर वळवणार कसं? इथे दोष होस्टिंग कंपनीचा नाही, आपला आहे. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून त्याचं डोमेन स्वतःच्या नावावर ठेवण्याची पद्धत आपल्यातच आहे आणि ती बंद व्हायला हवी. नोंदणी गिऱ्हाइकाच्या नावाने, त्याच्याच ईमेलवर करावी, पासवर्ड त्याच्या हाती द्यावा. तो उद्या दुसऱ्याकडे गेला, तरी चालेल.