जहाज वाचवणाऱ्यांची लढाई

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली, खाडीच्या काठावर, २०२४ च्या अखेरीस नौदलातून निवृत्त झालेली एक छोटी लढाऊ नौका आणण्यात आली. तिचे नाव टी-८०. इस्रायली बनावटीची, ‘सुपर द्वोरा’ जातीची ही नौका जेमतेम पंचवीस मीटर लांबीची आहे. शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी काबीज केली आणि मराठी आरमाराची पहिली गलबते याच खाडीच्या परिसरात बांधली गेली, तेव्हा जागेची निवड उचितच म्हणायची. पण विक्रांतसारख्या अवाढव्य जहाजाच्या आठवणी मनात असलेल्या पाहुण्याला ही एवढीशी होडी पाहून प्रश्न पडेल : हिने कोणाशी झुंजायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर श्रीलंकेच्या समुद्रात मिळते. तमिळ वाघांच्या स्फोटकांनी भरलेल्या आत्मघाती होड्या श्रीलंकेच्या नौदलावर चालून येत, तेव्हा त्यांना सामोऱ्या जाणाऱ्या वेगवान नौकांमध्ये याच जातीच्या नौका होत्या. परत जायचेच नाही असे ठरवून आलेला शत्रू कसा रोखायचा, हा प्रश्न मात्र त्याहूनही जुना आहे. जगातल्या आरमारांपुढे तो सर्वात भीषण रूपात उभा राहिला तो १९४४-४५ मध्ये पॅसिफिक महासागरात. त्या इतिहासाची उजळणी आज करायची ती निव्वळ कुतूहलापोटी नव्हे. २०२३ च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि त्या वाटेवरच्या अनेक जहाजांवर भारतीय खलाशी होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या ज्या घरांतला मुलगा किंवा जावई ‘मर्चंट नेव्हीत’ आहे, त्या घरांना हा विषय परका नाही.

वैमानिक हेच सुकाणू

२५ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपिन्सजवळ लेफ्टनंट युकिओ सेकी याच्या तुकडीने आपली विमाने अमेरिकी जहाजांवर आदळवली आणि ‘सेंट लो’ ही विमानवाहू नौका बुडाली. या मोहिमेची आखणी व्हाइस अॅडमिरल ताकिजिरो ओनिशी यांची. तेराव्या शतकात मंगोल आरमाराची वाताहत करणाऱ्या वादळांना जपानी लोक ‘दैवी वारा’ म्हणत. तेच नाव, कामिकाझे, या हल्ल्यांना मिळाले.

यामागचा हिशेब थंड डोक्याचा होता. जपानचे कसलेले वैमानिक बव्हंशी मारले गेले होते, इंधन संपत आले होते. नवशिक्या वैमानिकाने टाकलेला बॉम्ब जहाजाला लागेल याची खात्री नव्हती. मग बॉम्बसकट विमानच आदळायचे. आज ज्याला आपण ‘गायडेड मिसाइल’ म्हणतो, त्यातले दिशा देणारे यंत्र तेव्हा माणूस होता. या वैमानिकांत विद्यापीठाच्या वर्गांतून उचललेली कित्येक तरुण मुले होती. कागदोपत्री ती स्वेच्छेने आली होती. परंतु वरिष्ठ समोर उभा असताना आणि सगळी तुकडी एक पाऊल पुढे टाकत असताना स्वेच्छा कितपत शिल्लक राहते, हे सांगायला नको.

या तरुणांवर पुष्कळ लिहिले गेले. मरायला निघालेल्या माणसाभोवती आपोआप एक वलय तयार होते. समोरच्या जहाजावर जे उभे होते, त्यांच्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

डेकवर काय घडत होते?

ओकिनावाच्या लढाईत, १९४५ च्या एप्रिल ते जून या काळात, अमेरिकी नौदलाचे ४,९०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांतल्या फार मोठ्या संख्येला कारण झाली ती आत्मघाती विमाने. बचावासाठी नौदलाने बेटाभोवती दूरवर रडारधारी विनाशिकांचे कडे उभारले. येणारी विमाने आधी हेरायची, आपल्या लढाऊ विमानांना त्यांच्यावर धाडायचे, हे त्यांचे काम. साहजिकच पहिला घावही त्यांच्यावरच पडे. एका विनाशिकेच्या खलाशांनी तर वैतागून ‘विमानवाहू जहाजे त्या बाजूला’ अशी बाण काढलेली पाटीच जहाजावर लावली होती!

शस्त्रे तीन टप्प्यांत चालत. लांबवर पाच इंची तोफा. त्यांच्या गोळ्यात एक इवलासा रेडिओ बसवलेला असे. विमान जवळ आल्याचे कळताच गोळा आपणहून फुटे. त्यानंतर चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स, आणि अगदी जवळ आल्यावर वीस मिलिमीटरच्या ओर्लिकॉन. पण नेहमीच्या हल्ल्यात जखमी विमान माघारी वळते. इथे पंख पेटलेले विमानही खाली येतच राहत होते. वैमानिक मेला तरी विमानाची दिशा बदलत नव्हती. म्हणून ते हवेतच छिन्नविच्छिन्न करणे भाग होते, आणि तेवढ्यासाठी हाताशी काही सेकंदच असत.

१६ एप्रिल १९४५ ची ‘लाफी’ या विनाशिकेची कहाणी प्रसिद्ध आहे. सुमारे ऐंशी मिनिटांत बावीस विमाने तिच्यावर चालून आली. सहा आदळली, चार बॉम्ब लागले. ३२ खलाशी ठार आणि ७१ जखमी झाले, सुकाणू निकामी झाले, तरी जहाज बुडाले नाही. ते वाचले ते तोफांमुळे जितके, तितकेच पाण्याचे पाइप ओढणाऱ्या, गळती बुजवणाऱ्या, जलरोधक दरवाजे वेळेत बंद करणाऱ्या लोकांमुळे. ११ मे रोजी ‘बंकर हिल’ या विमानवाहू नौकेवर अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने दोन विमाने आदळली; आगीत आणि धुरात जवळपास चारशे माणसे गेली. पण तीही बुडाली नाही, बंदरात परतली. स्वयंपाकी, कारकून, यंत्रशाळेतला कारागीर, कोणीही असो, आग विझवण्याचे शिक्षण त्याला मिळालेच पाहिजे, हा दंडक त्या युद्धातल्या कटू अनुभवांतून पक्का झाला.

या सगळ्याचा आपल्या नौदलाशीही धागा जुळतो. १९४८ मध्ये ‘आयएनएस दिल्ली’ या नावाने आपल्याकडे आलेली क्रूझर ‘अकिलीस’ १९४५ मध्ये ब्रिटिश पॅसिफिक ताफ्यात होती. जुन्या विक्रांतची बांधणी १९४३ मध्ये, त्याच महायुद्धाच्या गरजेतून सुरू झाली होती, आणि नौदलात ती दाखल झाली तेव्हा तिच्यावरही चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा होत्या. मुंबईत २००१ ते २०१२ या काळात ती संग्रहालय होती, तेव्हा मुलांना घेऊन ती पाहून आलेली कुटुंबे ठाण्या-डोंबिवलीत पुष्कळ सापडतील.

पेटलेले जहाज आणि बावीस भारतीय

आता आजच्याकडे येऊ. कामिकाझेच्या जागी आज ड्रोन आहे. आत माणूस नाही, त्यामुळे बलिदानाचे वलयही नाही. विषम हिशेब मात्र तसाच आहे : काही हजार डॉलरचे ड्रोन पाडायला दहा-वीस लाख डॉलरचे क्षेपणास्त्र खर्ची पडते. म्हणूनच २०२४ च्या मार्चमध्ये इटलीच्या युद्धनौकेने तांबड्या समुद्रात साध्या ७६ मिलिमीटर तोफेने ड्रोन पाडले, तेव्हा जाणकारांना जुन्या तोफांचे महत्त्व पुन्हा पटले. हल्लेखोर आता जहाजावर येतच नाही. तो शेकडो किलोमीटरवर सुरक्षित बसलेला असतो. जहाजावरचा माणूस मात्र १९४५ मध्ये होता तिथेच आहे.

२३ डिसेंबर २०२३ रोजी ‘केम प्लूटो’ या टँकरवर ड्रोन आदळले ते थेट अरबी समुद्रात, गुजरातच्या किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर. त्यावरच्या २१ जणांपैकी २० भारतीय होते. पाठोपाठ २६ जानेवारी २०२४ रोजी, आपल्याकडे प्रजासत्ताकदिनाचा उत्साह असताना, एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरला क्षेपणास्त्र लागले. टाक्यांत नाफ्थासारखा ज्वालाग्राही माल, आणि जहाजावर २२ भारतीय व एक बांगलादेशी खलाशी. कॅप्टन अविलाश रावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाज सोडले नाही. मदत पोहोचेपर्यंत त्यांनी स्वतःच आगीशी झुंज दिली. पुढे ‘आयएनएस विशाखापट्टणम’वरून दहा जणांचे अग्निशमन पथक टँकरवर उतरले आणि सहा तासांच्या झटापटीनंतर आग आटोक्यात आली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्या वर्षी समुद्रावरील असामान्य शौर्याचा पुरस्कार रावत आणि त्यांच्या खलाशांना दिला. विशाखापट्टणमचे कॅप्टन ब्रिजेश नंबियार आणि त्यांच्या नौसैनिकांचाही गौरव केला.

ही विशाखापट्टणम मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. आग आणि गळतीशी लढण्याचे शिक्षण नौदल आपल्या माणसांना देते ते लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीमध्ये. म्हणजे एडनच्या आखातात जे निभावले, त्याची तयारी आपल्या लोकलच्या आणि डेक्कन क्वीनच्या वाटेवरच झाली होती.

कौतुकापलीकडे

तथापि शौर्याचे कौतुक करून थांबण्यात एक धोका आहे. लाफीवर डझनावारी तोफा होत्या. मार्लिन लुआंडावर एकही नव्हती. व्यापारी खलाशी सैनिक नसतो. त्याला ना तोफ, ना पदक, ना सैनिकाचे निवृत्तिवेतन. तो घराचा हप्ता फेडायला आणि बहिणीचे लग्न उरकायला समुद्रावर गेलेला असतो. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी दगावले. २१ जणांना ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले. २०२५ च्या जुलैत तर ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजे एकाच आठवड्यात बुडवली गेली. प्रत्येक वेळी नौदल हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही.

म्हणून खरी तयारी घरापासून हवी. मुलाला जहाजावर पाठवताना दलालाच्या शब्दावर भरवसा न ठेवता, भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का, हे पाहायला हवे. जहाज कोणत्या देशाच्या ध्वजाखाली चालते, युद्धग्रस्त समुद्रात जाण्यास नकार देण्याचा हक्क करारात आहे का, मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास भरपाई किती आणि कोणाकडून, हे सहीपूर्वी वाचायला हवे. खलाशी संघटनांनी केलेल्या करारांत असा नकाराचा हक्क मिळू शकतो; करारच नसलेल्या जहाजावरच्या मुलाला तो कोण देणार? अग्निशमनाचा अभ्यासक्रम प्रत्येक खलाशाला सक्तीचा आहे. तो दाखल्यापुरता उरकायचा नसतो, एवढे तरी मार्लिन लुआंडाच्या आगीने आपल्याला शिकवले आहे.

ओकिनावाच्या हल्ल्यांना ऐंशी वर्षे उलटून गेली. जपानने आपल्या मुलांना मरण्याचे शिक्षण दिले आणि युद्ध हरले. समोरच्यांनी आपल्या मुलांना आग विझवण्याचे शिक्षण दिले, आणि लाफीवरचे बहुसंख्य खलाशी घरी परतले. समुद्रावर मुले पाठवणाऱ्या समाजाने यातले दुसरे शिक्षण आपल्या मुलांना पुरेसे मिळते आहे की नाही, हे विचारत राहिले पाहिजे.