"जरा घासून देते" म्हणजे किती काम?

बोईसर स्टेशनवर उतरून तारापूरच्या रस्त्याने गेलं की पुढे चिंचणी लागतं. तारापूर म्हटलं की लोकांना अणुशक्ती केंद्र आठवतं, नाहीतर एमआयडीसीतले कारखाने. चिंचणी, वाणगाव आणि आसपासच्या गावांत घराघरांतून चालणारा डायमेकिंगचा धंदा मात्र सराफ बाजाराबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो. डाय म्हणजे दागिन्याचा पोलादी ठसा. पोलादाच्या तुकड्यावर हाताने उलटी नक्षी कोरायची. तिच्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पान, फूल, पदक उमटतं. तुमच्यामाझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राची वाटी अशाच एखाद्या डायमधून निघालेली असू शकते.

बचतगटांच्या कामासाठी या भागात फिरताना एक वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता ते येणार हे आधीच कळतं. "डाय हे करतात, ताई. मी फक्त जरा घासून देते."

हे "जरा घासणं" काय असतं ते नीट पाहू. कोरून झालेल्या डायवर हत्याराचे ओरखडे असतात. ते राहिले तर तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर उमटतात. म्हणून आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, असं करत जायचं. पेपर बदलला की घासण्याची दिशाही बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते दिसतं. एखादी पायरी गाळली तरी चकाकी येते, पण उजेडात तिरकं धरलं की खालच्या रेघा दिसतातच. जिथे बोट जात नाही तिथे काडीला पेपर गुंडाळून घासायचं. आणि हे सगळं नक्षीची कड न मारता. जास्त घासलं गेलं तर पाकळी बोथट होते आणि नवऱ्याचं कित्येक दिवसांचं कोरीव काम बाद. कुठे थांबायचं ते बोटांना कळावं लागतं. याला कौशल्य म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

दागिन्याचंही तेच. डाक लावून जोडलेला दागिना आधी काळवंडलेला असतो. तो सौम्य ॲसिडमधून काढायचा, धुवायचा, कानशीने जोड सपाट करायचे, पेपरने घासायचं. मग मोटारीवर फिरणाऱ्या कापडी बफवर आधी खाकी वडी लावून रेघा काढायच्या आणि दुसऱ्या बफवर लाल वडी लावून झळाळी आणायची. दोन्हींची सरमिसळ झाली तर लाल वडीचा उपयोग होत नाही, म्हणून मधे पुन्हा धुणं आलं. साखळी बफवर धरणं सगळ्यांत अवघड. एक कडी अडकली की साखळी बोटांसकट ओढली जाते. यंत्रं नव्हती तेव्हा अकीकाच्या गुळगुळीत दगडाने दाबून सोन्याला ओप देत आणि रिठ्याच्या पाण्याने धूत. ओप देणं, केवढा छान शब्द आहे हा! पण कोरणारा कारागीर, हिरे-माणकं बसवणारा जडिया, आणि ओप देणारी बाई? ती "मदत".

या मदतीची मजुरी वेगळी धरली जात नाही. पैसे नगावर ठरतात, ते नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या हातात येतात आणि घासण्याचे तास त्यात विरघळून जातात. स्वयंपाक आणि पाणी भरण्याच्या मधल्या वेळात केलेलं काम हे जणू कामच नाही, असं त्या बाईलाही वाटू लागतं.

आता शरीराकडे येऊ. ती खाकी वडी ज्या ट्रिपोली नावाच्या दगडाच्या भुकटीची असते, त्यात सिलिका असते. धातूचा कीस, कापडाचे तंतू आणि ही भुकटी तोंडाच्या हातभर अंतरावर उडत असते. पदर तोंडावर धरून ती अडत नाही. पदर मोटारीत अडकण्याची भीती मात्र वाढते. जिथे मुलामा चढवतात किंवा सोनं उजळवतात तिथे सायनाइडही वापरलं जातं. सायनाइडमध्ये ॲसिड मिसळलं तर जीवघेणा वायू तयार होतो. मोठ्या कारखान्यात या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवण्याचा नियम असतो. एका खोलीच्या घरात, जिथे पलीकडे मूल अभ्यास करत बसलेलं असतं, तिथे दूर म्हणजे किती दूर ठेवणार?

यात एक गोष्ट मला फार खटकते. सोन्याच्या मोठ्या कारखान्यांत बफच्या मागे धूळ ओढून घेणारं यंत्र असतं, कारण त्या धुळीत सोनं असतं. सोनाराच्या दुकानातला केर आणि राखसुद्धा झारेकरी पूर्वीपासून विकत घेत आले आहेत. म्हणजे धूळ पकडण्याची विद्या या धंद्याला नवी नाही. पोलादाची, पितळेची धूळ विकली जात नाही म्हणून ती बाईच्या छातीत गेली तरी चालते, एवढाच याचा अर्थ.

हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. सुरत-भरूच ओलांडून पुढे खंभात आहे. तिथे अकीकाचे मणी घरोघर घासले जातात. त्या धुळीने सिलिकोसिस होऊन किती पुरुष, किती बायका गेल्या, याविषयी वडोदऱ्याच्या पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटरने वर्षानुवर्षं काम केलं आहे. हा रोग बरा होत नाही. आणि घासणारी घरी काम करते, तिचा मालक कागदावर कोणीच नसतो, त्यामुळे भरपाई मागायची कोणाकडे, इथेच सगळं अडतं. चिंचणीतलं काम वेगळं, तिथली धूळ वेगळी. पण कागदावर मालक नसणं अगदी तेच आहे.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना चालू यंत्र साफ करायला, तेल घालायला मनाई केली होती आणि धोकादायक कामांतून त्यांना वगळण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. हेतू संरक्षणाचा. पण कारखान्याच्या फाटकावर अडवलेली बाई घरी त्याच मोटारीपुढे बसली तर तिला विचारणारं कोणी नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. आता सर्व प्रकारच्या कामांत बायकांना घेता येतं, त्यांच्या संमतीने रात्रपाळीतही. हे मला बंदीपेक्षा बरं वाटतं, आपल्यातल्या काही मैत्रिणींना पटणार नाही तरी. पण त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीस कामगारांवर गेली आहे. पॉलिशची किती युनिटं वीस माणसांची असतात? दार उघडलं आणि पहारेकरी काढून घेतला, असं झालं आहे. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार, घातक म्हणून अधिसूचित केलेल्या कामात एकच कर्मचारी असला तरी त्याला राज्य विमा लागू करता येतो. धातूला पॉलिश आणि मुलामा करण्याचं काम त्या अधिसूचनेत यावं, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. मात्र नवऱ्याच्या घरात घासणारी बायको "कर्मचारी" ठरत नाही, हेही विसरून चालणार नाही.

योजनांची गंमत तर वेगळीच. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. सोनारकाम त्यात आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, तीन लाखांपर्यंत कमी व्याजाचं कर्ज. पण नोंद कुटुंबातल्या एकाचीच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. ज्या घरात तो कोरतो आणि ती ओप देते तिथे नाव कोणाचं लागणार हे सांगायला हवं का? ही अट बदलायला हवी.

आपल्या चळवळीत सोन्यावर पुष्कळ बोललं गेलं. हुंडा, स्त्रीधन, मंगळसूत्र घालायचं की नाही. ते सगळं दागिना अंगावर चढल्यानंतरचं. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, दागिन्यावर सहा अक्षरअंकांचा क्रमांक कोरला जाऊ लागला, त्यावरून सोनं किती शुद्ध आणि ते कुठे तपासलं ते कळतं. ते चमकवणाऱ्या बाईला काय मिळालं हे कुठल्याच क्रमांकावरून कळत नाही, आणि बायकांच्या सभेतही तो प्रश्न क्वचितच निघतो.

काही गटांत आम्ही वही ठेवायला सुरुवात केली आहे. तारीख, किती नग घासले, किती तास, किती पेपर संपले. पुरुष हसले. एका सासूबाईंनी विचारलं, "घरच्या कामाचा कोणी हिशेब मांडतं का?" त्या स्वतः आयुष्यभर डाय घासत आल्या आहेत. सुनेने उत्तर दिलं नाही, पण वही चालू ठेवली. बचतगटांना दागिने बनवण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनीही पहिल्याच दिवशी मास्क, धूळ ओढणारा पंखा आणि नगामागचा पॉलिशचा वेगळा दर या तीन गोष्टी वर्गात मांडाव्यात. नंतर त्या राहून जातात. ज्यांची अजून ई-श्रमवर नोंद नाही त्यांची नोंद करताना व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" किंवा "मदतनीस" लिहू देऊ नका. जवळचा जो पर्याय मिळेल तो निवडा आणि गटाच्या आपल्या यादीत स्पष्ट लिहा: पॉलिश कारागीर.